सरांना दिसलेला जीव

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. माझे गाइड, म्हणजे आमचे सर, धुळ्याला होते. महिन्यातून दोन-तीन वेळा मी एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायची, पिशवीत डबा आणि अल्कोहोलच्या छोट्या बाटल्या घेऊन. बाटल्यांमध्ये माझा विषय बुडालेला असायचा.

विषय सांगितला की लोक आधी हसायचे. कुजक्या पाल्यात, कुंड्यांच्या खाली, ओलसर भिंतींवर तिळाहून बारीक जीव असतात. पोटाखाली त्यांना एक दुमडलेला काटा असतो. तो काटा सुटला की ते जागच्या जागी उडतात आणि कुठे गेले ते कळत नाही. इंग्रजीत त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. मराठीत मी खूप विचारलं, पण कुणी नाव सांगितलं नाही. नाव नाही कारण कुणी बघितलेलेच नसतात. आमचं घर असोद्याचं, केळीवालं. केळीच्या बागेत वाळकी पानं कापून तिथेच टाकतात, खालून पाण्यानं ती कुजतात. त्या थरात हे जीव लाखोंनी. मी गुडघ्यावर बसून पाला चाळणीत भरायची तेव्हा वडील बांधावर उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "इतल्याशा जीवाचं काय करतं व तू?"

"कुळ लावते, आबा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं असेल, मुलीला नोकरी आहे तोवर चालू दे.

खरंच कुळच लावायचं होतं. ह्या जीवांमध्ये एक मोठं कुळ आहे, सडपातळ अंगाच्यांचं. लांब शरीर, लांब मिशा, आणि पोटाचा चौथा खंड तिसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. इतकं दिसलं की तो ह्या कुळातला, यात वाद नव्हता. वाद पुढे होता. कुळाच्या आत गट कसे पाडायचे? काही जणांच्या अंगावर माशासारखे खवले असतात, काहींच्या नसतात. जुने लोक खवल्यांवर गट पाडायचे. सरांचा त्याला विरोध होता. ते म्हणायचे, खवले बाटलीत गळतात, चिमट्यानं गळतात, मग खवल्याचा प्राणी बिनखवल्यांच्या घरात जाऊन बसतो. रोम बघा, अंगावरचे बारीक केस. पाठीवर कुठल्या खंडावर किती रोम, कुठे, कुणाच्या शेजारी. रोमही तुटतात, पण रोम जिथून उगवतो तिथे एक बारीक खाच असते आणि ती राहते. सर मायक्रोस्कोपला डोळा लावून तासन् तास खाचा मोजायचे. मी आयुष्यात इतका स्वच्छ डोळ्याचा माणूस पाहिला नाही. त्यांनी अकरा म्हटलं की अकराच असायच्या.

त्या उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी लागली, प्रयोगशाळा बंद झाली. काम थांबू नये म्हणून सरांनी धुळ्यातच, देवपुरातल्या आपल्या घरी मागच्या खोलीत सोय केली, मायक्रोस्कोपही तिथे आणला. पत्र्याचं नरसाळं, वर जाळी, जाळीत पाला, आणि वर लोंबता बल्ब. बल्बच्या उष्णतेनं पाला वरून वाळत जातो, जीव ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून बाटलीत पडतात. मी असोद्याहून पाल्याची दोन पोती नेऊन दिली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दोंडाईच्याच्या. घरात अहिराणी, माझ्याशीही अहिराणीच बोलायच्या. त्यांनी पोत्यांकडे बघून नाक मुरडलं, पण चहा टाकला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा घरभर तीळ सांडल्यासारखं झालं होतं. एक पोतं तळाशी फाटलं होतं. जीव भिंतीवर, पाण्याच्या माठाखाली, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, गादीच्या शिवणीत. काकू रडकुंडीला आल्या होत्या. सर मात्र खूश होते. "बघ, खवल्यांचे आधी बाहेर आले," म्हणाले. "कोरड्यात तेच टिकतात."

आम्ही दोघींनी पोती गच्चीवर नेऊन उन्हात उपडी केली, खोली फिनाइलनं धुतली. मे महिन्यातलं धुळं. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, हवेत ओलाव्याचा कणही नसतो. अशा हवेत केळीच्या पाल्यातला जीव दोन दिवस तगत नाही. आठवडाभरानं मी गेले तर घरात एकही नव्हता. मी माठाखाली पाहिलं, गाद्या उलटून पाहिल्या. काही नाही.

त्याच दिवशी सरांनी मला हात दाखवला.

जेवणं झाली होती. खिडक्यांना ओले पडदे लावले होते, खोलीत हिरवट अंधार. सर खुर्ची ओढून जवळ बसले, शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. जसा डॉक्टरपुढे ठेवतात तसा.

"इथे बघ. मनगटापासून कोपरापर्यंत. आत्ता चालतोय."

मी भिंग घेतलं. हाताचे पांढरे केस, एक जुना व्रण, खाजवल्याच्या लाल रेघा.

"दिसला?"

"नाही, सर."

"उडाला असेल." ते शांतपणे म्हणाले आणि बाही खाली केली. "वेगळा आहे हा. मी दोन पकडले आहेत."

त्यांनी स्लाइड काढली. नेहमीसारखी सुबक, कव्हरस्लिपखाली एक बुडबुडा नाही, कडेला चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांच्या बारीक अक्षरात जागा लिहिली होती: डावा हात.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कापसाचा एक तंतू होता, वळलेला. शेजारी कातडीचा पातळ पोपडा. फोकस खाली-वर केला, स्लाइड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवली. बाकी काही नव्हतं.

"सर, बहुतेक निसटला असेल. काच बसवताना."

"निसटला?" त्यांनी मला हलकेच बाजूला केलं, स्वतः बघितलं. आणि हसले. "आहे की. सवय व्हायला वेळ लागतो. थांब, काढून दाखवतो."

त्या मायक्रोस्कोपला चित्र काढायचा आरसा लावलेला होता. त्यातून एकाच डोळ्याला स्लाइड आणि शेजारचा कागद एकावर एक दिसतात. पेन्सिलीचं टोक प्राण्याच्या अंगावरून फिरवायचं की कागदावर चित्र उमटतं. सर काढू लागले. मिशीचे सांधे, डोक्याची गोलाई, पाठीचे खंड, मग एकेक रोमाची खाच. कुठेही पेन्सिल थांबली नाही, खोडरबर लागलं नाही. अर्धं झाल्यावर ते पाणी प्यायला उठले आणि मी त्यांच्या जागी डोळा लावला. तंतू होता, पोपडा होता, आणि त्यांच्यावर कागदातून वर आलेलं, पेन्सिलीनं काढलेलं अर्धं शरीर होतं. डोकं आणि छाती. पुढचं अजून यायचं होतं.

मी पटकन डोळा काढला. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. बाहेर इतका उजेड होता की पडद्याच्या फटीतून आलेली रेघ फरशीवर पांढरी दिसत होती.

निघताना काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "तू देखं ना? काई शे का तठे?"

"काही नाही, काकू."

"मी बठ्ठं घर धुई टाकं. बठ्ठ्या गोधड्या उकळी काढ्यात. रातभर झोपतस नही." त्या थांबल्या. "तू तेस्ले सांग ना. तुनं ऐकतीन."

मी मान हलवली. पण ते सांगायचं कसं ते मला सुचत नव्हतं. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्याला, तुम्हाला जे दिसतं ते तिथे नाही, असं म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर मला पूर्ण खात्रीही नव्हती. त्यांनी आजवर जे दाखवलं ते प्रत्येक वेळी होतंच.

जूनपर्यंत त्यांच्याकडे अशी पाच-सहा चित्रं झाली. डावा हात, मान, कानामागे, उजवी पोटरी. सरांनी तीन मला दिली. "हा कुठे बसतो बघ," म्हणाले. "मी सांगणार नाही. तुझं तू ठरव."

घरी आल्यावर मी ती तिन्ही चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. माणूस मनातून काढतो तेव्हा प्रत्येक वेळी थोडं वेगळं येतं, असं मला वाटत होतं. निदान रोमांची जागा तरी हलेल. हलली नाही. चौथ्या खंडावरच्या तेरा खाचा तिन्ही कागदांवर एकमेकींवर बरोबर बसल्या, इतक्या की एकच कागद आहे असं वाटावं. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या स्लाइडवरून काढलेली चित्रं. त्यातली एक स्लाइड मी पाहिली होती, तिच्यावर कापसाचा तंतू होता.

मी कागद खाली ठेवले, चहा केला. मग मी तेच केलं जे मला शिकवलं होतं. ओळखीची तालिका उघडली आणि त्या प्राण्याला एकेका प्रश्नातून न्यायला लागले. चौथा खंड लांब? हो. कुळ पक्कं. मिशीचे सांधे चार की जास्त? सरांनी तिन्ही कागदांवर सहा काढले होते. मग तो एका उपकुळात जातो. पण त्या उपकुळातल्यांचा चौथा खंड इतका लांब नसतो. परत मागे. खवले? होते, टोकाला निमुळते. मग दुसऱ्या गटात. पण त्या गटात मिशी चारच सांध्यांची. प्रत्येक वाटेवर तो थोडं अंतर बरोबर चालायचा आणि मग थांबायचा. डोळे तर काढलेलेच नव्हते. डोक्यावर दोन्ही बाजूंना नुसती मोकळी जागा.

दोन-तीन दिवस मी हेच करत होते. वर्गात शिकवताना, रिक्षात, भाजी निवडताना. हा जीव नाही हे मला माहीत होतं, तरी त्याला जागा शोधत होते. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की त्याच्यासाठी एक नवं उपकुळ लागेल, आणि तसं असेल तर जुन्या दोन गटांमधला वादच मिटतो. तो मधला दुवा होता. मला आनंद झाला. त्या आनंदानंच मी घाबरले.

त्याच सुमाराला मला खाज सुटायला लागली. आधी कोपराच्या आत, मग मानेवर केसांखाली. काहीतरी हलकं, पावलं न टेकता जावं तसं. मी आरशासमोर उभी राहून बघायची. काही नसायचं. साबण बदलला, चादरी उन्हात टाकल्या. आईला वाटलं उष्णता झाली, तिनं सब्जा भिजवून दिला.

मग कॉलेजात, असोद्याच्या पाल्यातून आलेल्या माझ्या एका जुन्या बाटलीत मला तो सापडला.

अख्खा नव्हता. मागचा अर्धा भाग, पोटाचे खंड आणि उडीचा काटा, पुढचं तुटून गेलेलं. असे तुटके नेहमी मिळतात, मी सहसा टाकून देते. त्या दिवशी काचेवर घेतला. चौथा खंड लांबलचक. खाचा मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या, बोटानं टेबलावर ठिपके काढत. तेरा, आणि त्याच रांगेत, त्याच वळणावर. सरांचं चित्र शेजारी ठेवलं.

शेजारच्या टेबलावर आमच्याच विभागातले एक सहकारी पेपर तपासत होते. मासे हा त्यांचा विषय, रोमांशी त्यांचा काही संबंध नाही. मी चित्र झाकलं आणि त्यांना म्हटलं, "जरा इकडे या. ह्या लांब खंडावर गोल खाचा आहेत, त्या मोजा. किती आहेत सांगा."

ते वाकले. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. "अकरा."

"नीट बघा. डाव्या कडेला दोन आहेत, पुसट."

त्यांनी पुन्हा बघितलं, फोकस फिरवला. "डाव्या कडेला काही नाही, मॅडम. अकरा आहेत."

मी परत डोळा लावला. मला तेरा दिसल्या. डाव्या कडेच्या दोन्ही स्पष्ट, गोल, काठाला उजेड. मी डोळे मिटले, बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं, उन्हात थोडी उभी राहिले आणि परत आले. अकरा होत्या. अकरा खाचांची जात पाल्यात सगळीकडे सापडते, तिचं नाव मला पाठ होतं. दोन खाचा माझ्या डोळ्यांनी घातल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी धुळ्याला गेले. वाटेत ठरवत गेले, काय आणि कसं बोलायचं. पण फाटकातच काकू भेटल्या आणि त्यांनी पदर सरकवून आपला दंड दाखवला. लाल रेघा.

"मले बी व्हयनं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दूध नासलं म्हणून सांगावं तसा. "दखात नही, पन चालस."

आत सर टेबलाशी बसले होते. मायक्रोस्कोपवर कापड झाकलेलं. बरेच वाळले होते, गळ्याची शीर दिसत होती. मी समोर बसले आणि जे घडलं ते सांगितलं, बाटलीतला तुकडा, तेरा, अकरा, सगळं. माझी खाजही सांगितली.

"तो अकराच म्हणाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दोनदा मोजलं त्यांनी."

"मग अकराच. मासेवाला आहे म्हणतेस, म्हणजे त्याला काय दिसायला हवं ते माहीतच नाही. असा साक्षीदार चांगला." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "तू चुकलीस. माझं त्यावरून काही ठरत नाही."

"नाही, सर."

मग त्यांची नजर काकूंकडे गेली. काकू दारात उभ्या होत्या, नकळत दंड चोळत होत्या.

"हिच्या अंगावर मी काल तासभर बघितलं," सर म्हणाले. "भिंगानं. प्रत्येक इंच. हिच्या अंगावर काही नाही. अगदी काही नाही. तरी हिला चालतात."

"चालतस ना," काकू म्हणाल्या.

"तुला वाटतं चालतात. नाहीयेत." ते जरा चिडून बोलले आणि मग एकदम थांबले. तोंड उघडं राहिलं. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. एखाद्या वाटेवर फार पुढे जाऊन मागे वळून बघावं आणि आपण आलो ती वाटच नसावी, असा तो चेहरा होता. बोटं स्वतःच्या डाव्या मनगटावर गेली आणि तिथेच थांबली. खाजवलं नाही.

"मला अजून दिसतोय," ते हळू म्हणाले. "आत्ता. इथे."

काकू येऊन त्यांच्या बाजूला बसल्या.

"डॉक्टरकडे जाऊ," सर म्हणाले. "हिला घेऊन. हिला तपासून घेऊ."

माझ्या ओळखीचे एक त्वचेचे डॉक्टर जळगावला होते. त्यांनी दोघांना तपासलं, मग काकूंना आणि मला बाहेर बसवून सरांशी बराच वेळ बोलले. नंतर मला आत बोलावलं. म्हणाले, "अंगावर किडे चालतात म्हणणारे लोक माझ्याकडे काडेपेटी घेऊन येतात. आत चिंध्या, धूळ, पोपडे. हे पहिलेच, चिठ्ठी लावलेली स्लाइड घेऊन आले." ते हसले नाहीत. एक लहानशी गोळी लिहून दिली आणि धुळ्यातल्याच एका मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. सरांनी चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवली.

काकूंची खाज चार दिवसांत गेली, गोळी न घेताच. माझीही. सरांना दिवाळी उजाडली.

दिवाळीनंतर मी भेटले तेव्हा ते अंगानं भरले होते, झोप लागत होती, बागेतल्या जास्वंदीला पाणी घालत होते. माझ्या प्रबंधाची शेवटची प्रकरणं राहिली होती. मी काही अवघड स्लाइड घेऊन गेले होते, खऱ्या. सरांनी कापड काढलं, आरसा पुसला, पहिली काच लावली आणि डोळा लावला. मी पेन्सिल घेऊन तयार. ते काही सांगेनात.

"सर?"

त्यांनी डोळा काढला, माझ्याकडे बघितलं. "आहे का गं?"

"काय?"

"काचेवर प्राणी आहे का?"

मला क्षणभर कळलंच नाही. "आहे, सर. मधोमध आहे. असोद्याचा, खवल्यांचा."

"तुला दिसतोय?"

"दिसतोय."

"मग ठीक," ते म्हणाले. पुन्हा डोळा लावला आणि पूर्वीसारखे धडाधड सांगायला लागले. दुसऱ्या खंडावर चार, तिसऱ्यावर सहा, ही खाच लहान आहे, हिला विसरू नकोस. एकही चूक नाही. पुढची काच लावली. आधी मान वर केली. "आहे का गं?"

सगळा प्रबंध आम्ही असाच पूर्ण केला. प्रत्येक काचेआधी ते विचारायचे आणि मी हो म्हणायची. एकदा चुकून रिकामी काच लागली. मी "नाही, सर" म्हटलं. त्यांनी लगेच ती काढून ठेवली, बघितलीसुद्धा नाही. गट मी शेवटी रोमांवरच पाडले, खवले दुय्यम धरले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरच जास्त प्रश्न विचारले. सर मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याकडची तीन चित्रं त्यांनी कधी मागितली नाहीत. मीच परत नेऊन दिली, ती काकूंनी चुलीत घातली असं पुढे कळलं.

निवृत्त झाल्यावर दोघं दोंडाईच्याला काकूंच्या माहेरच्या घराशेजारी राहायला गेले. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील, मी एकदा रेल्वेनं त्यांना भेटायला गेले. पुढच्या ओट्यावर सावली होती. सर पाटावर बसून शेंगा सोलत होते. केस सगळे पांढरे झाले होते, बोलणं मात्र तेच, सावकाश. माझ्या विद्यार्थ्यांची चौकशी केली, केळीवर कुठलं औषध मारतात आणि त्यानं पाल्यातले जीव मरतात का ते विचारलं. काकू मधूनमधून येऊन जात होत्या.

बोलता बोलता सर थांबले. त्यांची नजर माझ्या खांद्यामागच्या भिंतीवर होती. पाण्याचं पिंप होतं तिथे, भिंतीला ओल आली होती.

"अगं," त्यांनी आत हाक मारली.

काकू बाहेर आल्या. सरांनी काही विचारलं नाही, फक्त भिंतीकडे बघितलं. काकूंनी तिकडे बघितलंही नाही. सवयीनं म्हणाल्या, "नही. काई नही तठे." आणि शेंगांची टोपली उचलून आत गेल्या.

सरांनी मान डोलावली. पण नजर तिथेच होती. मग ते माझ्याकडे वळले.

मी मागे वळून पाहिलं. ओलीच्या कडेला, चुन्याचा पापुद्रा सुटला होता तिथे, एक चालत होता. करडा, सडपातळ, मिशा पुढे धरलेल्या. ओट्यावरून भिंत हातभर अंतरावर होती.

"आहे, सर," मी म्हटलं. "पिंपाच्या वर."

त्यांचे खांदे सैल झाले. "कुठला वाटतो?"

"भिंगाशिवाय नाही सांगता येणार. कुळ आपलंच."

"मिशी लांब आहे," ते म्हणाले. "खूप लांब." आणि परत शेंग हातात घेतली.

मी तो पकडायला उठले. पिशवीत बाटली नव्हती, म्हणून पिंपावरचं फुलपात्र घेतलं, पण हात जवळ जाईपर्यंत भिंतीवर काही नव्हतं. खाली बघितलं, पिंपाच्या बुडाशी, तोटीच्या खाली. सर शेंगा सोलत राहिले, त्यांनी विचारलं नाही.

गाडीच्या वेळेला काकू कोपऱ्यापर्यंत आल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "खरंच व्हता का तो? का तेस्नं मन राखं तू?"

"होता, काकू. मी पाहिला."

"मी पन देखं मग. तू पिंपजोडे वाकनी व्हती तवय, दारमातून." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मले काई दखानं नही."

"उडाला होता तोवर."

"हा. उडना व्हई," त्या म्हणाल्या आणि माझा हात सोडला.

गाडी जवळजवळ रिकामी होती. मी खिडकीशी बसले आणि तो डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, चालण्याची ढब, अंगाचा रंग, मिशी. मिशीचे सांधे मोजायला लागले. उघड्या डोळ्यांना सांधे दिसत नाहीत, इतक्या अंतरावरून तर नाहीच. तरी नरडाणा स्टेशन येईपर्यंत मी मोजत होते, आणि दर वेळी सहा येत होते.